टकटक होईपर्यंत

१

आमच्याकडे मुलांना रडवण्याची फी घेतात, असं माझा नवरा घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. अगदीच खोटं नाही ते. मी लहान मुलांची मानसतज्ज्ञ, आणि आठवड्यातल्या दोन सकाळी आमच्या केंद्रात एक तपासणी चालते. तिला आम्ही आपापसात 'आई जाते, आई येते' म्हणतो. वर्ष-दीड वर्षाचं मूल आईबरोबर आमच्या खेळघरात येतं, ठोकळ्यांत रमतं. मग आई उठून शेजारच्या छोट्या खोलीत जाते आणि दार लावून घेते. मूल रडतं. दोन-तीन मिनिटांनी आई परत येते. झालं, एवढंच.

छोटी खोली म्हणजे नुसतं नाव. पूर्वीची अडगळीची जागा ती. आत एक खुर्ची मावते, आणि खुर्चीवर बसलेल्या बाईचे गुडघे दाराला टेकतात. खिडकी नाही, दुसरं दार नाही. तिथे बसणाऱ्या प्रत्येक आईला मोठ्या मॅडम तेच सांगतात, "मूल कितीही रडलं तरी आपण टकटक केल्याशिवाय बाहेर यायचं नाही हं." मोठ्या मॅडम म्हणजे आमच्या केंद्राच्या प्रमुख. त्या खेळघरातच कोपऱ्यातल्या खुर्चीवर, मुलाला अनोळखी बाई म्हणून, मासिक वाचायचं सोंग करत बसतात. मी काचेमागे. मला सगळं दिसतं, मी कुणाला दिसत नाही.

आयांना वाटतं, आम्ही रडणं मोजतो. रडण्याला आम्ही काडीची किंमत देत नाही. आम्ही बघतो ते आई परत आल्यावर मूल काय करतं ते. ज्या मुलाला आईची खात्री असते ते धावत येतं, तिच्या मांडीला मिठी मारतं, चार हुंदके जास्तीचे देतं आणि मग शहाण्यासारखं खेळायला जातं. ती धाव बघितली की इतक्या वर्षांनीही माझा ऊर भरून येतो. आणि त्याच वेळी हेवाही वाटतो, कारण माझी दीड वर्षाची ढमी माझ्याकडे अशी धावेल की नाही, हे मला सांगता येत नव्हतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हे असं.

२

गडबड पहिल्यांदा दिसली ती एका बँकेतल्या बाईंच्या मुलाच्या वेळी. कुरळ्या केसांचं गुटगुटीत बाळ. आई मात्र फार धास्तावलेली, खांदे कानापर्यंत चढलेले, पदोपदी "हे नॉर्मल आहे ना?" विचारणारी. आत गेली, मुलाने भोकाड पसरलं, वेळ झाल्यावर मॅडमनी दारावर टकटक केली, दार उघडून ती बाहेर आली. "आले बघ मी, राजा," म्हणाली.

तो रडायचा थांबला. तिच्या तोंडाकडे बघितलं. मग तिच्या मागे, उघड्या दारात बघितलं. तिने दार ओढून घेतलं. मग एक ठोकळा उचलून तिच्या हातात दिला, तिचं बोट धरलं आणि तिला छोट्या स्टुलावर नेऊन बसवलं. आणि पुन्हा त्या दारापाशी गेला, दोन्ही तळव्यांनी दार बडवलं आणि मघाशी अर्धवट सोडलेलं रडणं जिथल्या तिथून पुढे सुरू केलं. पाहुण्याला पाणी देऊन आपल्या कामाला लागावं तसं.

मला हसू आलं, आणि मग ते थांबलं. मी आईकडे बघितलं. पोटचं पोर असं वागल्यावर बाईचा चेहरा पडायला हवा होता. ती मांडीवर हात ठेवून छान बसली होती. खांदे खाली आलेले. "रडू दे थोडं," ती मॅडमना म्हणाली. "होईल गप्प."

आईवर रुसून तिच्याजवळ न जाणारी मुलं असतात. आमच्या शास्त्रात त्याला नाव आहे, आणि नाव असलं की आम्हाला गोष्ट कळल्यासारखी वाटते. मॅडमनी ते नाव सांगितलं. मी मान डोलावली.

"पण मॅडम," मी जेवताना म्हणाले, "रुसलेलं मूल आईला टाळतं ना? हा तर आईसाठीच रडत होता. आई मागे बसलेली असताना."

"दीड वर्षाचं आहे गं ते," मॅडम म्हणाल्या. "त्याला कुठे माहितीये तुझं पुस्तक?"

३

पुढे असं अधूनमधून होत राहिलं. प्रत्येक वेळी नाही. काही मुलं ठरल्याप्रमाणे धावत जायची, आणि मी काचेमागे सुटकेचा श्वास टाकायची. पण काही मुलं परत आलेल्या आईला बाहुली दाखवायची, तिच्याशी शहाण्यासारखं वागायची आणि मग दाराकडे तोंड करून बसायची. एका मुलीने तर आईला टाटा केला. आई हसून टाटा करत होती, आणि मुलगी वाट बघत होती की ही बाई आता जाईल.

मॅडम स्वतः छोट्या खोलीत बसून आल्या. मी टकटक केली, त्या गुडघे चोळत बाहेर आल्या. "कोंदट आहे," म्हणाल्या, "आणि खुर्ची वाईट आहे. बाकी काही नाही." आम्ही खुर्ची बदलली. दिवा बदलला. आमच्या मॅडमना मूलबाळ नाही. दाराबाहेर त्यांच्यासाठी कुणी रडत नव्हतं, हे तेव्हा दोघींच्याही लक्षात आलं नाही.

एकदा मी अशाच एका मुलाच्या आईला, एका शिक्षिका बाईंना फोन केला, महिन्याभरानंतरची चौकशी म्हणून.

"अगदी छान चाललंय," त्या म्हणाल्या. "खातो, झोपतो, नवीन शब्द बोलतो. फक्त सकाळी उठला की घरभर शोधतो मला. मी समोरच असते हो! पण सगळ्या खोल्या बघितल्याशिवाय त्याचं समाधान होत नाही. मग येतो आपला माझ्याजवळ. गुणी आहे."

"आणि तुम्ही कशा आहात?"

"मी?" त्या हसल्या. "बाळंतपणानंतर पहिल्यांदा शांत झोपतेय. तुमचे आभारच मानायला हवेत."

फोन ठेवला आणि मी मुलाबद्दल दोन ओळी टिपून घेतल्या. मुलाबद्दल! आम्ही मुलांचं शास्त्र शिकलेल्या बायका. जे काही बिघडलं असेल ते मुलात, ही आमची पक्की समजूत. मूल आपल्याला काही सांगत असेल असं आमच्या डोक्यातच येत नव्हतं.

४

घरी मात्र माझ्या डोक्यात एकच गोष्ट. नवरा घरून काम करतो, त्यामुळे ढमी दिवसभर त्याच्याकडे. पडली की "बाबा". भूक लागली की "बाबा". बाबा आंघोळीला गेला तर बाथरूमच्या दाराशी सत्याग्रह. मी संध्याकाळी दार उघडून आत आले की ती मान वर करून बघायची, गोड हसायची आणि पुन्हा डब्यावर झाकण बसवायला लागायची. मी दुसऱ्या मुलांच्या आयांना सांगायची की हे चांगलं लक्षण आहे, मूल सुरक्षित आहे. स्वयंपाकघरात जाऊन मात्र नळ सोडून रडायची.

"अगं, तिला तू आवडतेस," नवरा म्हणायचा.

"आवडते मी! कोपऱ्यावरचा दुकानदारही आवडतो तिला."

"मग आण ना तिला तुझ्या केंद्रात. कर परीक्षा. नापास झालीस तर मी शिकवणी घेईन."

त्याने थट्टा केली, पण ते मनात राहिलं. मॅडमनाही ते पटलं. ओळखीचं, धडधाकट, ज्याच्याबद्दल शंका नाही असं मूल बघितलं तर तपासणीत खोट आहे की मुलांत, ते कळेल. मला तपासणीशी काही देणंघेणं नव्हतं. मला ती धाव हवी होती. ढमीने एकदा, फक्त एकदा, सगळं टाकून माझ्याकडे धावत यावं.

५

ढमी खेळघरात आली आणि घरच्यासारखी वावरू लागली. कापडी बदकाच्या चोचीत ठोकळा कोंबायचा तिचा प्रयत्न चालला होता. मॅडमनी मासिक उघडलं. त्या दिवशी काचेमागे कुणी नव्हतं. मॅडम म्हणाल्या, मी बसल्या जागेवरून बघते.

मी उठले. ढमीने बघितलं. मी छोट्या खोलीत गेले, दार लावलं आणि खुर्चीवर बसले. गुडघे दाराला टेकले.

आधी काहीच नाही. ठोकळ्यांचा आवाज. मला वाटलं, रडणारच नाही ही, बाबाची लेक. आणि मग ती रडली. नुसती रडली नाही, तिने हाक मारली. "आई." दाराच्या अगदी पलीकडे, खाली, माझ्या गुडघ्यांपाशी तिच्या तळव्यांचा आवाज यायला लागला. "आई. आई."

खरं सांगते, मला इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून घेतलं. रडत होते आणि हसत होते. उठून दार उघडावंसं वाटत होतं, पण शेकडो आयांना आम्ही दिलेला दम आता मलाही लागू होता. टकटक होईपर्यंत थांबायचं. मी थांबले. तिचा आवाज लांब गेला. मॅडमनी कडेवर घेतलं असावं. परत जवळ आला. मग माझ्या लक्षात आलं की आत गरम होतंय, आणि तो एकटीच्या श्वासाचा गरमपणा नाही. भरलेल्या लिफ्टमध्ये होतं तसं. मी मागे वळले नाही. मागे भिंत होती, मला ठाऊक होतं, मीच तिथली खुर्ची बदलली होती.

त्यानंतर टकटक ऐकल्याचं मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की मी दारात उभी होते, दार उघडं होतं, समोर खेळघराचा उजेड होता आणि मला फार हलकं वाटत होतं. वर्षभर खांद्याला लटकवलेली पिशवी कुणीतरी सहज काढून घेतली होती.

"आले बघ मी," मी म्हणाले.

ढमी दोन पावलं धावत आली. मग थांबली. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, बराच वेळ, डोळ्यांतलं पाणी तसंच. मग एका बाजूला वाकून माझ्या पायांच्या मागे बघितलं. मी दार ओढून घेतलं. तिने बदक उचललं आणि मला दिलं.

"थकलीये गं ती," मॅडम घाईघाईने म्हणाल्या. माझी समजूत घालायची त्यांनी तयारी केली होती. पण समजूत घालण्यासारखं काही मला वाटतच नव्हतं.

६

त्या संध्याकाळी ढमीने मला घर दाखवलं.

बोट धरून ती मला एकेका खोलीत घेऊन गेली. दिव्याचं बटण दाखवलं. चपला कुठे ठेवतात ते दाखवलं. फ्रिजवर थाप मारून "मम्मम" म्हणाली. शेवटी नवऱ्याच्या खोलीत नेलं, त्याच्याकडे बोट केलं आणि मला सांगितलं, "बाबा."

नवरा पोट धरून हसला. "ओळख करून देतेय आपली! नमस्कार, बाई."

मीही हसले. खरंच छान वाटत होतं. रात्री मी स्वतःची नीट तपासणी केली, धंद्याची सवय. सगळं आठवत होतं. ढमीचा जन्म, तिच्या पहिल्या तापाची रात्र, नळ सोडून रडणं, सगळं. मी मीच होते. फरक एवढाच की ते आठवताना काही होत नव्हतं. दुसऱ्या कुणाचे कपडे कपाटात नीट घड्या घालून ठेवलेले असावेत, तसं ते होतं. माणूस शांत झाला की असंच होतं, मी स्वतःला समजावलं. आम्ही आयांना हेच तर सांगतो, जरा शांत व्हा.

ढमी रोज सकाळी घर शोधायची. पलंगाखाली, पडद्यामागे, बाथरूममध्ये. मी चहा पीत बघायची. शोधून झालं की दारापाशी जाऊन एकदा "आई" म्हणायची, उत्तराची वाट बघायची, आणि मग माझ्याजवळ यायची. मला ती "ताई" म्हणायची. बागेत भेटणाऱ्या सगळ्या बायकांना ती ताईच म्हणते. नवऱ्याला ते आधी गमतीचं वाटलं. मग वाटेनासं झालं.

"तुला काहीच वाटत नाही?" त्याने एकदा विचारलं. "आधी तर एवढ्या-तेवढ्यावरून रडायचीस."

"येईल मार्गावर," मी म्हणाले.

आणि आली की! मुलांचं मन फार व्यवहारी असतं. जे रोज भरवतं, झोपवतं, पडल्यावर फुंकर घालतं, त्याच्याकडे ते हळूहळू वळतंच. यावर माझा पूर्वीही विश्वास होता. घरातली शोधाशोध आधी एका खोलीपुरती उरली, मग नुसती नजर फिरवण्यापुरती. परवा मी कामावरून आले, दार उघडलं. ढमीने हातातलं झाकण टाकलं आणि धावत येऊन माझ्या पायांना मिठी मारली. "आई," म्हणाली.

नवऱ्याने तोंड वळवून डोळे पुसले. मी तिला उचलून घेतलं. इतकी छान जड लागत होती ती.

७

आज सकाळी काचेमागे मी होते. एक तरुण आई, एक रडकं बाळ. वेळ झाली, मॅडमनी टकटक केली. दार उघडलं आणि आई बाहेर आली. हसरी, खांदे सैल. बाळाने तिच्या मागे बघितलं. मीही बघितलं.

आईने दार ओढून घ्यायला जरा उशीर केला. तेवढ्या फटीत मला खुर्ची दिसली नाही, कारण खुर्चीच्या पुढे माणसं होती. बायका. शाळा सुटायच्या वेळी फाटकापाशी आया उभ्या असतात ना, एकमेकींना चिकटून, टाचा उंचावून, आपलं पोर कधी दिसतंय म्हणून सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, तशा. आवाज नाही. एवढ्या बायका तिथे मावणं शक्य नाही, हे मला कळत होतं. पुढच्या रांगेत एकीने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. तिचे डोळे मी ओळखले. मग दार लागलं.

दुपारी मॅडम जेवायला गेल्या. मी खेळघरात आले, ठोकळे गोळा करून डब्यात भरले, गालिचा सारखा केला. मग दारापाशी जाऊन उभी राहिले. मला भीती वाटत नव्हती. एक साधी टकटक केली की दार उघडेल, हे मला ठाऊक होतं. टकटक होईपर्यंत थांबायचा शब्द आतल्या त्या बायका पाळत होत्या. आईशिवाय असं कोण थांबतं?

हात वर गेला होता माझा, हे मात्र कबूल करते.

पलीकडून कुणीतरी अगदी हळू विचारलं. आवाज माझाच, पण रडून बसलेला.

"ढमी रडतेय का अजून?"

वर गेलेला हात मी खाली घेतला. परवाची तिची मिठी मला गुडघ्यांवर अजून जाणवत होती.

"नाही," मी म्हणाले. "आता नाही रडत."

आत कुणीतरी सुटकेचा श्वास सोडला.

"बरं झालं," ती म्हणाली. "मग थांबते मी."

मी दिवा बंद केला आणि अलीकडच्या सवयीप्रमाणे दुपारीच घरी निघाले. ढमीच्या दुपारच्या झोपेची वेळ झाली होती, आणि हल्ली ती माझ्याशिवाय झोपत नाही.